एवढ्याचे साडेआठशे?

कपड्यांच्या दुकानात दोन जातींची माणसं येतात. एक जात कपडा अंगाला लावून आरशात बघते. दुसरी जात कपडा उलटा करते. आमची मावशी दुसऱ्या जातीची. हँगरवरचा कुर्ता हातात आला की ती रंग बघत नाही, माप बघत नाही. सरळ त्याच्या पोटात हात घालून त्याला आतून बाहेर काढते, चष्मा नाकावर खाली ओढते आणि शिलाईवरून बोट फिरवत जाते. मुंढ्यापाशी बोट थांबतं. तिथे हटकून काहीतरी सापडतं.

"बघितलंस? पाव इंचसुद्धा माया सोडलेली नाही. एका धुण्यात उसवेल." मग किमतीची चिठ्ठी बघते आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणते, "एवढ्याचे साडेआठशे? अगं, घरी दीडशेत होतो हा!"

दुकानातली मुलगी तोवर दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळलेली असते. मावशीची जात तिला दारातूनच ओळखू येत असावी.

दुकानाचं एक वेळ समजू शकतं, पण मावशी डोंबिवलीहून दादरला जाताना लोकलमध्येही हेच करते. बायकांच्या डब्यात चौथ्या सीटवर जेमतेम टेकलेली, आणि नजर समोर उभ्या असलेल्या अनोळखी मुलीच्या बाहीवर. ठाणं येईपर्यंत ती धीर धरते. मुलुंड गेलं की विचारते, "बाही उरेब कापलीय का गं?" त्या मुलीला आपल्या बाहीच्या आयुष्याबद्दल काहीच माहीत नसतं. मावशी तिला चिमटीत कापड धरून दाखवते, हे बघ, तिरकं ओढलं की ताणतं, उभं ओढलं की ताणत नाही. घाटकोपरपर्यंत आजूबाजूच्या चारपाच जणी आपापल्या बाह्या ओढून बघायला लागतात. एवढ्यावरून कुणालाही वाटावं, की ही बाई शिवणकामात मुरलेली आहे. तो गैरसमज आहे. मावशी तीन वर्षांपूर्वी बँकेतून निवृत्त झाली, आणि त्याआधी तिने साडीला फॉलसुद्धा स्वतः लावला नव्हता. तिच्या बरोबरीच्या मुली मॅट्रिकनंतर शिवणक्लासला गेल्या, तेव्हा ही बँकेच्या परीक्षेला बसली. क्लासला गेलेल्या मुली आज तयार कपडे विकत घेतात. ही शिवते.

मशीन सासूबाईंचं. पायाने चालवायचं, काळं, अंगावर सोनेरी वेलबुट्टी असलेलं उषाचं मशीन. वर्षानुवर्षं त्याच्यावर मनीप्लँट होता. कुंडी उतरली, तेल घातलं, आणि मशीन काही झालंच नाही अशा थाटात चालायला लागलं. अडचण मशीनची नव्हती, पायाची होती. पायमशीनचं चाक एका ठरलेल्या दिशेनेच फिरावं लागतं. नवशिक्याचा पाय ताल सोडतो, चाक मध्येच उलटं फिरतं, आणि दोरा तुटतो. पहिले काही दिवस त्या घरातून खट्, "अरे देवा," खट्, "अरे देवा," एवढंच ऐकू यायचं. त्यानंतर खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता व्हायला लागला. गुंता खाली, म्हणजे दोष बॉबीनचा, हे मावशीला उघड वाटलं. तिने बॉबीन बदलली, बॉबीन केस बदलली, शेवटी काकांवर संशय घेतला. प्रत्यक्षात खाली गुंता झाला की बहुतेक वेळा चूक वरच्या दोऱ्यात असते; तो टेन्शनच्या चकत्यांमध्ये नीट बसलेला नसतो. हे कळल्यावर मावशीने काकांची माफी वगैरे मागितली नाही. "तरी तुम्ही हात लावू नका," एवढंच म्हणाली.

काकांनी या मशीनच्या निमित्ताने एक संदर्भ शोधून ठेवला आहे आणि ते तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवतात. यंत्रांच्या सोसाला विरोध करणाऱ्या गांधीजींनी १९२४ मध्ये शिवणयंत्राचा अपवाद केला होता. बायको हाताने टाके घालून थकते हे बघून सिंगरने प्रेमापोटी ते यंत्र बनवलं, असं त्यांचं म्हणणं. (सिंगरसाहेबांना १८५१ मध्ये पेटंट मिळालं हे खरं. पण त्यांचे एकाच वेळी इतके संसार चालू असत, की नक्की कुठल्या बायकोवरच्या प्रेमापोटी, हे सांगणं अवघड आहे.) "गांधीजी एकदा आमच्याकडे दुपारचे आले असते ना," काका म्हणतात, "तर अपवाद मागे घेऊन गेले असते."

काकांच्या कडवटपणाला कारण आहे. घरात एक मोठी कात्री आली आहे आणि तिने फक्त कापड कापायचं, असा नियम आहे. कागद कापला की धार जाते, हे काकांना तोंडपाठ आहे. पण दुधाच्या पिशवीबद्दल कुणी काही बोललं नव्हतं. त्या सकाळी काय झालं ते मी त्यांच्या तोंडून ऐकलं आहे आणि ते सगळं छापण्यासारखं नाही. आता ती कात्री कपाटात, कुलपात असते. लॉकरची किल्ली मात्र टीव्हीवर.

पहिला अभ्रा शिवला, तो झाला. चार सरळ टिपांचा आयत, त्यात बिघडायला जागा कमी. दुसरी पिशवी, तीही झाली. दोन वस्तू धड झाल्या, की या जातीच्या माणसाला अंगात मास्तर संचारल्यासारखं होतं. तिसरी वस्तू म्हणून मावशीने नातवासाठी झबलं काढलं.

झबलं बेतायला खरंच सोपं. कापडाची घडी खांद्यावर येईल अशी घालायची, म्हणजे खांद्याला शिलाई नको. गळा कापायचा, बाजू शिवायच्या, गळ्याला पट्टी लावायची की संपलं. सुती कापड आटतं म्हणून आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यायचं, तेही मावशीने केलं. दादरहून आणलेल्या पिवळ्या कापडावर छोटे निळे हत्ती होते, सगळे एका रांगेत, सोंड वर करून चाललेले. झबलं शिवून झालं, बाळाला घातलं, फोटो झाले. मग बाळ पोटावर वळलं आणि सुनेने विचारलं, "आई, पाठीवरचे हत्ती उलटे का आहेत?"

घडी खांद्यावर आली, की पुढे सुलटं असलेलं चित्र मागे शीर्षासन करणारच. एकाच दिशेचं छापील कापड असेल तर पुढचा आणि मागचा भाग वेगळा कापून खांद्यावर जोडावा लागतो. हे मावशीच्या त्या क्षणी लक्षात आलं, पण बँकेत कॅश काउंटरवर काढलेली वर्षं अशा वेळी कामी येतात. चेहऱ्यावरची रेषही न हलवता ती म्हणाली, "मुद्दाम ठेवलेत. मांडीवर पालथं घेतलं की आपल्याला सुलटे दिसतात." सुनेने बाळाला मांडीवर पालथं घेऊन बघितलं. खरोखरच सुलटे दिसत होते.

पायजम्याला असा काही खुलासा नव्हता.

नवशिक्याने पायजमा शिवावा, असं सगळेच सांगतात. बटण नाही, काज नाही, बाही नाही, गळा नाही. जुना पायजमा घडी घातलेल्या कापडावर ठेवायचा, कडेने खडू फिरवायचा, मायेला जागा सोडून दोन तंगड्या कापायच्या. प्रत्येक तंगडी आपापली शिवून घ्यायची. मग एक सुलटी करून दुसऱ्या उलट्या तंगडीच्या पोटात घालायची आणि आसन एका टिपेत जोडायचं. वर नेफा, नेफ्यात नाडी. यूट्यूबवरची बाई हे सगळं दहा मिनिटांत करते आणि त्यातली दोन मिनिटं हसते.

मावशीने डाव्या तंगडीची आतली कड उजव्या तंगडीच्या आतल्या कडेला जोडली. पुढूनही आणि मागूनही. दोन्ही कडा एकाच मापाच्या, त्यामुळे कापडाने तक्रार केली नाही. टीप सुंदर आली होती. नेफा झाला, नाडी ओवली, आणि काकांनी तो घालायला घेतल्यावर कळलं की दोन्ही पाय एकाच वाटेने जातात. काका आरशासमोर उभे राहून बराच वेळ बघत होते. "परकर छान झालाय," ते म्हणाले, "पण पुढे हा झोळ कशासाठी?"

उसवायचं म्हणजे नको तिथे कापड फाटण्याची भीती. म्हणून तो पायजमा पिशवीत घालून मावशी खालच्या मास्तरांकडे गेली. मास्तर आमच्या इमारतीच्या जिन्याखाली बसतात. ब्लाऊज आणि दुरुस्ती, एवढीच पाटी. मी तेव्हा बरोबर होते. मास्तरांनी पायजमा उलटा केला, सुलटा केला, परत उलटा केला, नाडी धरून उजेडात टांगला. आणि जगातल्या प्रत्येक शिंप्याने दुसऱ्याचं काम बघितल्यावर विचारलेला प्रश्न विचारला.

"कुणी कापलंय हो हे?"

"आमच्या गावाकडे एक आहे," मावशी म्हणाली.

"त्याला म्हणावं, शेती कर," मास्तर म्हणाले. "बुधवारी या."

बुधवार हा मास्तरांकडे वार नसतो, धोरण असतं. कुठला बुधवार हे विचारायचं नाही. पायजमा यथावकाश आला, दोन पायांचा होऊन आला, आणि दुरुस्तीचे पैसे नव्या पायजम्याच्या शिलाईपेक्षा जरासे जास्तच पडले. काकांनी त्याचा हिशेब एका वहीत लिहून ठेवला आहे. कापड, आटेल म्हणून जास्तीचं कापड, दोरा जुळला नाही म्हणून दुसरा दोरा, मोडलेल्या सुया, दादरची फेरी, आणि दादरला गेलोच आहोत म्हणून खाल्लेलं थालीपीठ. 'दीडशेत होतो' ही ओळ वहीच्या पहिल्या पानावर, लाल शाईत, अवतरणचिन्हांत आहे.

या ओळीमुळे मावशीला लोक चिक्कू समजतात. मला ते पटत नाही. पैसे वाचवायचे असते, तर पलंगाच्या पेटीत एवढं कापड साठलं नसतं. तिथे मांजरपाट आहे, हिंदमाताला स्वस्त मिळालेलं लिनन आहे, कुणाच्यातरी लग्नात आलेले खण आहेत, जुन्या साड्यांचे काठ आहेत, आणि कशातूनही उरलेला वीतभर तुकडासुद्धा आहे, कारण 'खिशाला होईल'. शिवलेल्या कपड्यातही तिला फारसा रस नसतो. तो एकदा झाला की ती कुणालाही देऊन टाकते. तिचा जीव असतो बेतण्यात. दुपारी जेवणं झाली की हॉलमध्ये कापड अंथरतं, घरातली माणसं भिंतीला चिकटून ये-जा करतात, आणि मावशी तोंडात टाचण्या धरून चारी पायांवर त्या कापडाभोवती फिरते. पन्हा किती, उभा धागा कुठला, इथून पुढचा भाग निघाला तर कळी कुठून काढायची, आणि कळी इकडे फिरवली तर त्या कोपऱ्यातून अजून एक टोपडं निघेल का! तेव्हा फोन वाजला तर ती घेत नाही. कात्री लागेपर्यंत सगळे कपडे निर्दोष असतात.

आणि एक गोष्ट मी पाहिली आहे. कोथिंबिरीच्या जुडीसाठी भाजीवाल्याशी दहा मिनिटं घासाघीस करणारी ही बाई मास्तरांशी शिलाईच्या दरावर कधी एक शब्द बोलत नाही. गोल मुंढ्यात बाही बसवताना पुढचा आणि मागचा खोलगटपणा वेगळा असतो, दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापल्या जाऊ शकतात, आणि असं कापलेलं कापड परत जोडता येत नाही, हे तिला आता ठाऊक आहे. साडेआठशेवर मात्र ती दुकानात अजून ओरडते. दुकानदार आणि शिवणारा ही तिच्या लेखी दोन वेगळी माणसं आहेत, आणि त्यात ती चुकत नाही.

पायजम्यानंतर काही दिवस मशीनवर परत मनीप्लँट आला. घरात शांतता होती. मग नातवाच्या वाढदिवसाची तारीख जवळ आली आणि स्टेशनजवळच्या स्टेशनरीच्या दुकानात मावशीला फेल्ट सापडलं.

फेल्ट हे नवशिक्याला मिळालेलं वरदान आहे, हे मान्य केलं पाहिजे. ते विणलेलं नसतं. खऱ्या फेल्टमध्ये लोकर ओली, गरम करून घोटली जाते आणि तंतू एकमेकांत असे रुततात की उभा-आडवा धागा हा प्रकारच उरत नाही. दुकानात मिळतं ते बहुतेक कृत्रिम धाग्याचं, पण गुण तोच. कड सुटत नाही, म्हणून दुमडायची गरज नाही. उलट-सुलट बाजू नाही, म्हणून हत्ती शीर्षासन करू शकत नाही. मशीनही नको, सुई, दोरा आणि कडेने ब्लँकेटचा टाका. मावशीच्या आजवरच्या सगळ्या वैऱ्यांची एका झटक्यात सुट्टी झाली होती.

तिने हत्तीच करायचा ठरवला, कदाचित झबल्याची भरपाई म्हणून. शरीराच्या दोन बाजू, पोटाखालची पट्टी, दोन कान. पण बारा महिने कापडाशी झुंजलेला माणूस फेल्टच्या साधेपणावर विश्वास ठेवत नाही. फेल्ट बाहेरूनच शिवायचं असतं. मावशीने सवयीने आतून शिवलं आणि मग उलटवायला घेतलं. अंग उलटलं. पाय उलटले. सोंड उलटेना. करंगळीएवढी ती नळी, त्यात पेन्सिल घालून झाली, विणायची सुई घालून झाली, काकांचं पेन आत गेलं आणि टोपण आतच राहिलं. शेवटी सोंड कापून, बाहेरून शिवून, परत जोडली. कापूस भरताना चारही पाय घट्ट भरले आणि पोट सैल राहिलं, म्हणून उभा केला की हत्ती बसायचा. डोळ्यांना बटणं लावली होती, ती सुनेने काढायला लावली. लहान मुलं बटण उपटून गिळतात, हे तिचं बरोबरच होतं. मग डोळे दोऱ्याने भरले, त्यात एक डोळा जरा वर गेला आणि हत्तीच्या चेहऱ्यावर कायमचा संशय आला.

वाढदिवसाला आलेल्या प्रत्येकाने तो हातात घेऊन बघितला. "किती गोड डुक्कर!" पहिल्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या. एका पाहुण्याने मुंगीखाऊ म्हटलं, तो बहुधा शिकलेला होता. नातवाने तो तोंडात घातला, बाहेर काढला, आणि खोक्याशी खेळायला गेला.

आता तो हत्ती मशीनवर असतो आणि मावशी त्याच्या पाठीत टाचण्या खुपसते. मी तिला जर्मनीतल्या मार्गारेटे श्टाइफची गोष्ट सांगितली. लहानपणी पोलिओ झालेली ही बाई चाकाच्या खुर्चीत बसून शिवणकाम करायची. १८८० मध्ये तिने एका मासिकातल्या नमुन्यावरून फेल्टचे छोटे हत्ती केले, ते टाचण्या खोचायची उशी म्हणून. पण घरोघरची मुलं त्यांच्याशी खेळायला लागली, आणि त्यातून खेळण्यांचा मोठा कारखाना उभा राहिला. पुढे १९०२ मध्ये तिच्या भाच्याने त्या कारखान्यासाठी अस्वल काढलं, त्याची कीर्ती तर जगभर झाली. मला एवढंच म्हणायचं होतं, की त्या बाईच्या टाचण्यांच्या उशीचं खेळणं झालं आणि मावशीच्या खेळण्याची टाचण्यांची उशी झाली. मावशीने गोष्टीतलं भलतंच उचललं.

"बघ," ती म्हणाली, "भाचरं असावीत तर अशी."

गणपतीच्या सुमारास मात्र तिचा हात बसला. आराशीला तिने फेल्टचे एकवीस मोदक केले. पांढऱ्या फेल्टचा गोल तुकडा, कडेने धावदोरा, मध्ये कापूस, आणि दोरा ओढला की आपोआप चुण्या पडतात. मोदकाच्या पाऱ्या करताना हात भाजतो, इथे तेही नाही. ते इतके बेमालूम झाले, की तिसऱ्या मजल्यावरच्या एका मुलाने आरतीनंतर एक उचलला आणि चांगला चावला. ही दाद मावशीला अजून पुरते आहे. नंतर उंदीर झाले, पुस्तकात ठेवायच्या खुणा झाल्या, आणि इमारतीतल्या शाळकरी मुलांना कळलं, की हस्तकलेच्या तासाचं जे काही असेल ते दुसऱ्या मजल्यावर घेऊन जायचं.

गेल्या महिन्यात संध्याकाळी बेल वाजली. दारात मास्तर. मास्तर जिना चढून वर आल्याचं कुणाला आठवत नव्हतं. त्यांच्या हातात एक प्लास्टिकची पिशवी होती आणि चेहरा दुरुस्तीला आलेल्या गिऱ्हाइकाचा होता. नातीला शाळेतून फेल्टचा मासा करून आणायला सांगितलाय, ते म्हणाले. मी करून दिला. पण हे असलं जाड, लिबलिबीत कापड माझ्या हातात कधी आलेलं नाही. मशीनवर घातलं तर दाताखाली ओढलं जातं, आणि शेपटीपाशी सगळं गोळा होतंय. बघता का जरा, ताई.

मावशीने मासा घेतला. चष्मा नाकावर खाली ओढला. उलटा केला, सुलटा केला, शेपूट धरून उजेडात टांगला. काका वर्तमानपत्र खाली ठेवून बघत होते.

"कुणी कापलंय हो हे?" मावशीने विचारलं.

मास्तर क्षणभर गप्प राहिले.

"गावाकडे एक आहे," ते म्हणाले.

"बरं," मावशी म्हणाली. "बुधवारी या."